चौथ्या कोपऱ्यातला शब्द

तीन कोपऱ्यांतून 'काली' आलं होतं. चौथ्याची वाट होती.

श्रीपेरुंबुदूरच्या आमच्या प्लांटमध्ये चौदा टनांचं प्रेस चार जॅकवर उभं होतं, जमिनीपासून वीतभर वर. प्रेस म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग काढणारं मशीन. ते एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये सरकवत आणलं होतं आणि आता नव्या पायावर टेकवायचं होतं. क्रेन दहा टनांची, त्यामुळे उचलून ठेवणं शक्य नव्हतं. अशा वेळी जुनीच पद्धत. चार कोपऱ्यांना चार हायड्रॉलिक जॅक. प्रत्येक जॅकशेजारी लाकडी फळ्यांची चळत, जॅकने दगा दिला तर मशीन पेलायला. प्रत्येक कोपऱ्यातली एक फळी काढायची, तेवढंच मशीन उतरवायचं, थांबायचं. मग पुढची फळी.

चारही जॅकचे पाइप एका पंपाला जोडलेले. पंपावर सेल्वम बसला होता, मशीनच्या मागच्या बाजूला. त्याने व्हॉल्व्ह उघडला की चारही कोपरे एकदम उतरणार. पुढचे दोन कोपरे त्याला दिसत नव्हते. त्याचा सगळा भरवसा कानांवर. प्रत्येक कोपऱ्यातला माणूस फळी काढून हात बाहेर घेणार आणि ओरडणार, 'काली!' काली म्हणजे तमिळमध्ये रिकामं. आत हात नाही, काही नाही. चार वेळा काली ऐकलं की व्हॉल्व्ह.

चौथा कोपरा विठोजी रावांचा होता. त्या कोपऱ्यातून शब्द आला. तो रावांचा नव्हता, माझा होता. हे मी आजवर कागदावर लिहिलेलं नाही. कागदावर मी दुसरंच लिहिलं.

राव आमच्या प्लांटपासून अर्ध्या तासावरच्या एका लहान गावातले. घराणं मूळ तंजावरकडचं, मराठी. गावात त्यांचं सुताराचं वर्कशॉप होतं. त्यातच जॅक, साखळ्या, रोलर ठेवून ते अवजड मशीन हलवायची कामं घेत. आम्ही ज्याला मशीन शिफ्टिंग कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ते. गावासाठी मात्र ते 'राव मेस्त्री'. शाळेची बाकं मोडली, राव. कुणाच्या दाराची चौकट फुगली, राव. मयताच्या घरी मांडव, राव. या गावकामांसाठी त्यांना कधी बोलवावं लागायचं नाही, आपणच यायचे.

आमची ओळख एका मयतावरूनच झाली, न झालेल्या. मी कराडकडून येऊन आठवडा झाला होता. अठ्ठाविसाव्या वर्षी, प्रोबेशनवर, तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. स्टोअरकीपर कुठे आहेत म्हणून मी एका कामगाराला विचारलं. त्याने छताकडे बोट केलं आणि शांतपणे म्हणाला, "मेले."

मी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. शेजारी एक गृहस्थ जॅक उघडून बसले होते. ते हसता हसता खोकायला लागले.

"अहो, कोणी मेलं नाही," ते म्हणाले. "माळ्यावर आहे तो, कॉफी पितो. 'मेले' मणजे वर!"

चेन्नईत आल्यापासून कानावर पडलेलं ते पहिलं मराठी. शब्द जुन्या पत्रांतले आणि चाल तमिळ. 'म्हणजे'ला मणजे, 'नको'ला नक्को, 'सगळं'ला अस्कं. मला रडू यायचं बाकी होतं.

"आणि तुमचं नाव काय?"

"माने."

यावर आजूबाजूचे सगळेच हसले. सेल्वम सगळ्यात मोठ्याने. तो तेव्हा रावांचा उजवा हात होता, तिशीचा, दणकट. मग रावांनीच सांगितलं की तमिळमध्ये 'माने' म्हणजे 'अगं हरिणी'. सिनेमातला हिरो हिरॉइनला झाडाभोवती हाक मारतो, ती. पुढे कित्येक दिवस मी शॉपमधून गेलो की कुठून तरी लाडिक सुरात "मा...ने" ऐकू यायचं आणि वळून बघितलं की सेल्वम गंभीर चेहऱ्याने पंप पुसत असायचा.

रावांनी मला खिशात डायरी ठेवायला सांगितलं. "आपले शब्द आणि ह्यांचे शब्द सारखे वाजतात. अर्थ वेगळा. लिहून ठेवा, नाहीतर एक दिवस घोटाळा कराल." मी लिहिलं. मेले म्हणजे वर. पाल म्हणजे दूध. कोळी म्हणजे कोंबडी. चौथा शब्द काली. काली म्हणजे रिकामं. पुढे कंसात माझ्याच अक्षरात आहे: 'आपलं खाली नव्हे.' डायरी अजून माझ्याकडे आहे. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्या वर्षी रावांनी मला त्यांच्या गावचा रथ बघायला नेलं. तमिळमध्ये तेर. तीन मजल्यांइतका उंच, लाकडी चाकं पुरुषभर, दोरखंडाला अख्खं गाव लागलेलं. या रथाला ब्रेक नसतो, स्टीअरिंगही नसतं. चाकाशेजारी माणसं लाकडी पाचरी घेऊन चालतात. रथ वळवायचा तर एका चाकाखाली पाचर सरकवायची, म्हणजे ते अडतं आणि दुसरं पुढे जातं. थांबवायचा तर दोन्ही चाकांखाली. पुढच्या उजव्या चाकाची पाचर रावांची. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांची. सगळ्या पाचरी दरवर्षी तेच चिंचेच्या लाकडातून घडवायचे. मी चाकाकडे डोळे फाडून बघत होतो.

"चाकाकडे काय पाहतां?" राव ओरडले. "चाक लबाडी करत नाही. पाय पाहा. माणसांचे पाय!"

आणि गळ्यात शिट्टी. रथापुढे ढोल, घोषणा, हजार तोंडं. शब्द ऐकूच येत नाही. एक लांब शिट्टी म्हणजे ओढा. दोन तुटक म्हणजे थांबा. हीच शिट्टी ते आमच्या शॉपमध्ये आणायचे. मशीन उतरवताना फक्त राव शिट्टी वाजवणार, बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. त्या पद्धतीने त्यांनी आमची किती मशीन हलवली, कुणाला ओरखडा नाही.

त्या दिवशी सकाळी परदेशी ग्राहकाचे लोक ऑडिटला आले होते. ऑडिट म्हणजे पाहुणे येऊन आपलं घर कसं आहे ते तपासणार, आणि आपण कपाटं बंद ठेवणार. प्रेस उतरवायला सुरुवात झाली होती. माझे बॉस रंगनाथन सर घाईघाईने आले.

"माने, ही शिट्टी-शिट्टी काय चाललीय? शॉप आहे की बसस्टँड? व्हिजिटर्स दहा मिनिटांत इथे असतील. क्वायटली संपवा."

त्यांनी एवढंच सांगितलं. काम थांबवा, पाहुणे गेल्यावर करा, असंही मी म्हणू शकलो असतो. पण पुढच्याच महिन्यात माझं कन्फर्मेशन होतं. मी रावांकडे गेलो.

"राव, शिट्टी नको. तोंडी करू."

"शिट्टीस भाषा नसते, माने. तोंडास असते."

"थोडंच राहिलंय. दहा मिनिटांचं काम."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शिट्टी शर्टाच्या आत टाकली. "सरी. शॉप तुमचं." सरी म्हणजे बरं. माणसांना त्यांनी नवा शब्द दिला, काली. पाच-सहा फळ्या नीट निघाल्या. चार काली, व्हॉल्व्ह. चार काली, व्हॉल्व्ह.

मग पाहुणे शेडच्या दारात दिसले. तीन कोपऱ्यांतून काली आलं. रावांच्या कोपऱ्यातली फळी अडकली होती. ते उजवा हात आत घालून ती हलवत होते. मी त्यांच्या शेजारी वाकलो. अजून किती उतरायचं राहिलंय, एवढंच मला हवं होतं. आणि विचारलं ते मराठीत, कारण त्या अख्ख्या शेडमध्ये मराठी बोलायला तेवढा एकच माणूस होता आणि त्याच्याशी मराठी बोलण्याचं मला सुख होतं.

"राव, खाली अजून किती?"

मशीनपलीकडे सेल्वमला पुढचे शब्द ऐकू गेले नाहीत. चौथ्या कोपऱ्यातून चौथं काली आलं, एवढंच त्याने ऐकलं. त्याने व्हॉल्व्ह उघडला.

राव ओरडले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने शर्टातून शिट्टी काढली आणि दोनदा वाजवली. थांबा. सेल्वमने पुन्हा पंप मारून मशीन वर घेतलं तेव्हा उजव्या हाताची मधली दोन बोटं पेरापासून गेली होती.

पाहुण्यांना चहाला नेण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा नगरच्या हॉस्पिटलमध्ये आमचा सेफ्टी ऑफिसर फॉर्म घेऊन आला. अपघात झाला की रूट कॉज लिहावं लागतं, म्हणजे मुळातलं कारण. पद्धत सोपी आहे. पाच वेळा 'का' विचारायचं. हात का चिरडला? मशीन उतरलं म्हणून. मशीन का उतरलं? व्हॉल्व्ह उघडला म्हणून. व्हॉल्व्ह का उघडला? चौथ्या कोपऱ्यातून काली ऐकू आलं म्हणून. इथवर तीन झाले. चौथ्या 'का'चं उत्तर खाटेच्या पायाशी उभं होतं.

"काली कोण म्हणालं?" ऑफिसरने विचारलं.

मी तोंड उघडलं. नक्की काय बोलणार होतो, मला आजही ठाऊक नाही. खरं बोलणार होतो असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. रावांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच मराठीत म्हणाले, "उगे रहा."

मग ऑफिसरकडे वळून तमिळमध्ये, "नान दान, सार." मीच, साहेब.

ऑफिसरने लिहिलं: 'हात बाहेर काढण्यापूर्वी कॉन्ट्रॅक्टरने स्वतःच क्लिअर सिग्नल दिला.' खाली इंजिनिअरची सही लागते. मी केली. पेन रावांच्याच उशाशी होतं.

ऑफिसर गेल्यावर मी विचारलं, असं का केलंत. ते म्हणाले, "तो कोपरा माझा. माझ्या कोपऱ्यातून शब्द निघाला, तो माझा. शिट्टी आत टाकली ती मीच ना?" आणि डोळे मिटले.

त्या रिपोर्टमुळे आमच्या कंपनीने त्यांना सहा महिने काम दिलं नाही. पण खरं नुकसान ते नव्हतं. आमचे निम्मे कामगार त्याच परिसरातले, रिपोर्ट गावात पोचायला दोन दिवस पुरले. 'आत हात ठेवून राव स्वतःच काली म्हणाले.' ज्या माणसाच्या पाचरीवर विश्वास ठेवून गाव रथाखाली पाय टाकत होतं, त्याच्याबद्दल लोक म्हणायला लागले, मेस्त्रींचं वय झालं, लक्ष राहत नाही. ते पन्नाशीचे होते. पुढच्या रथाला त्यांनी स्वतःच चाक सोडलं. शिट्टी घेऊन रथापुढे चालायला लागले.

माझं कन्फर्मेशन झालं.

यानंतर रावांनी माझ्याशी बोलणं सोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला तेवढी सवलत दिली नाही. दिवाळीला जेवायला बोलावलं. लग्न होऊन बायको चेन्नईत आली तेव्हा तिला भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतं तमिळ त्यांच्या मुलीने, चंद्राने, शिकवलं. आम्हाला मुलगी झाली तेव्हा राव पाळणा घेऊन आले. स्वतः केलेला, आठ बोटांनी. खालच्या दांड्याला एक जागा जरा खडबडीत राहिली होती. "इथं पटाशी सुटली," ते म्हणाले, "पोरीस टोचणार नाही, बाहेरून आहे." मुलगी आता कॉलेजात आहे. पाळणा माळ्यावर आहे. ती खडबडीत जागा मला डोळे मिटूनही सापडते.

मोठ्या पुराच्या वर्षी तलाव भरल्याची बातमी आली तेव्हा राव वर्कशॉपमधल्या सगळ्या फळ्या, ठोकळे हातगाडीवर घालून गल्लीगल्लीतून फिरले. घरात शिरायचे, जॅक लावायचे, फ्रिज, कपाट, शिलाई मशीन वीतभर, हातभर वर चढवायचे आणि पुढच्या घरी. पाणी आलं, गेलं. फ्रिज वाचले. ठोकळे कुणी परत केले नाहीत, त्यांनी मागितले नाहीत. आजही त्या गावात कित्येक फ्रिज रावांच्या ठोकळ्यांवर उभे आहेत.

मला मशीन हलवण्याचं जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं. बढत्या मिळाल्या त्या त्याच जोरावर. मी त्यांचा किती ऋणी आहे हे मी सगळ्यांना सांगायचो. ऋणी म्हणणं सोपं असतं.

या वर्षी पोंगलनंतर राव गेले. एकाहत्तर. महिन्याने चंद्राचा फोन आला. वर्कशॉप आता तीच बघते. "रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये अप्पांची सभा आहे, माने सार. कंपनीकडून तुम्ही बोला."

मी ऑफिसातल्या एकाकडून दोन पानं तमिळमध्ये नीट करून घेतली. सेवाभावी, निःस्वार्थी, कुशल. सगळे शब्द खरे होते.

सभेआधी तासभर वर्कशॉपवर गेलो. चंद्रा फोटोला हार घालत होती. मला वाटलं, निदान हिला तरी आधी सांगावं. सांगितलं. काली, खाली, हॉस्पिटल, सही. आणि शेवटी माझा एकवीस वर्षांचा आधार बाहेर काढला.

"मी बोलणार होतो, चंद्रा. पण रावांनीच सांगितलं, गप्प राहा. 'उगे रहा' म्हणाले. त्यांचा शब्द मोडणं..."

ती हाराची गाठ तशीच सोडून माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. हसणं चांगलं नव्हतं.

"उगे रहा? अप्पा ते कोणास मणाले नाहीत? मांजरास मणायचे. मिक्सर फार आवाज केला तर मिक्सरास मणायचे. मरायच्या दिवशी डॉक्टरास मणाले!"

"म्हणजे गप्प बस नव्हे?"

"गप्प बसायला 'तोंड मिट' मणायचे. मला रोज मणायचे. 'उगे रहा' मणजे तमिळमध्ये 'सुम्मा इरु'. धडपड करू नक्को, घाबरू नक्को. तेवढंच." मग म्हणाली, "तुम्ही मराठी आहां ना, सार?"

डायरीत मी तमिळ शब्द लिहीत राहिलो. मराठी लिहून घ्यायची गरज वाटली नव्हती.

"मला सांगून काय होणार," ती म्हणाली. "अप्पांनी स्वतःचं स्वतः पाहून घेतलं. सेल्वम अण्णाचं काय?"

"सेल्वमचं काय?"

"तो जॅक का सोडला, तुम्हांस माहीत नाही? त्या दिवशी तो अप्पांस सांगितला, मेस्त्री, तो आवाज तुमचा नव्हे. अप्पा मणाले, माझाच. मग तो मणतो, तर माझे कान खोटे. कान खोटा असलेल्यानं व्हॉल्व्हवर बसू नये. अप्पा दरवर्षी त्यास चाकापाशी बोलवायचे. पाचर घे मणायचे. येऊन लांब उभा राहायचा."

सेल्वम आमच्या कंपनीची बस चालवतो. अकरा वर्षं मी त्याच्याच बसने अण्णा नगरहून प्लांटला जातो. ड्रायव्हरच्या मागची दुसरी सीट माझी. रोज सकाळी "गुडमॉर्निंग, सेल्वम", "गुडमॉर्निंग, सार". पंप सोडून बस का, हे मी कधी विचारलं नाही. आरामाची नोकरी मिळाली, असं धरून चाललो. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, म्हणूनच बहुधा विचारलं नाही.

रावांनी माफ करायचं ते स्वतःपुरतं केलं असेल. सेल्वमच्या वाट्याचं ते कसं माफ करणार? आणि दोष अंगावर घेताना त्यांना हे दिसलं नाही, हेही मला इथे लिहिलं पाहिजे. ते चाक बघत होते. पाय बघायचे राहिले.

हॉल भरलेला होता. रथ कमिटीचे म्हातारे पहिल्या रांगेत. सेल्वम शेवटच्या खांबाला टेकून. माझं नाव पुकारलं. मी दोन पानं घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये बोललो. माझं तमिळ मोडकं असल्यामुळे गोष्ट लांबवता आली नाही. म्हणालो, मेस्त्रींनी काली म्हटलं नव्हतं. मी मराठीत खाली म्हटलं. शिट्टी मी बंद करायला लावली. मेस्त्रींचं लक्ष शेवटपर्यंत कधी चुकलं नाही. आणि सेल्वमने जे ऐकलं ते बरोबर ऐकलं. त्याचे कान चांगले आहेत. रिपोर्ट खोटा होता. सही माझी आहे.

पहिल्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला मोठ्याने, बहुतेक त्याला वाटलं हळूच, म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, राव असं करणार नाही." शेजारी म्हणाला, "तू म्हटलं नव्हतंस, मी म्हटलं होतं." त्यावरून दोघांची जुंपली आणि सभा पुढे सरकली.

बाहेर सेल्वम बूट घालत होता. मी जाऊन उभा राहिलो.

"ख," तो म्हणाला, मान वर न करता. "आमच्या तोंडात 'ख' येत नाही, सार. व्हॉल्व्ह उघडल्यावर लक्षात आलं, त्या दिवशी मी 'ख' ऐकला होता. मेस्त्रींना सांगितलं, यात 'ख' होता. ते म्हणाले, मीपण मराठीच ना, मलाही 'ख' येतो." त्याने नाडी ओढली. "मग मी काय बोलणार?"

"चूक माझी होती, सेल्वम."

"बसला आरसा असतो. ऐकावं लागत नाही. म्हणून बस घेतली." तो उभा राहिला. "अकरा वर्षं रोज गुडमॉर्निंग म्हणालात, सार."

तो निघून गेला. पुढचे तीन आठवडे मी बसमध्ये चढलो की तो आरशात बघायचा आणि गिअर टाकायचा. मीही गुडमॉर्निंग म्हटलं नाही. तेवढी अक्कल आली होती.

चैत्रात रथ निघाला. मी गेलो, लांब उभा राहिलो. चंद्राने यंदाच्या पाचरी घडवल्या होत्या. रावांची शिट्टी तिच्याच गळ्यात होती. एक लांब शिट्टी झाली, दोरखंड ताठ झाला, आणि पुढच्या उजव्या चाकाशेजारी मला सेल्वम दिसला. पन्नाशी उलटलेला, धोतर गुडघ्यावर खोचलेला, हातात पाचर. तो चाकाकडे बघत नव्हता. खाली, लोकांच्या पायांकडे बघत होता. देवळाच्या कोपऱ्यावर, जिथे रथ वळतो आणि सगळ्यांचा श्वास अडकतो, तिथे दोन तुटक शिट्ट्या झाल्या. दुसरी संपायच्या आत पाचर बसली होती. त्या गोंगाटात.

पहिल्या रांगेतले दोघे म्हातारे तिथेही होते. "कान बघ याचे," एक म्हणाला.

सोमवारी बसमध्ये चढलो. सेल्वमच्या तळहाताला फोड आले होते, रुमाल गुंडाळून स्टीअरिंग धरलं होतं. मी पायरीवरच थांबलो आणि पुन्हा सुरू केलं, सेल्वम, मला तुला एवढंच सांगायचं होतं की...

मागे लोक खोळंबले होते. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"माने सार," तो म्हणाला, "उगे रहा."

एवढंच मराठी त्याला येतं. या वेळी मला अर्थ माहीत होता. मी जाऊन बसलो.

जुना रिपोर्ट दुरुस्त करायला मी सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये गेलो होतो. तिथे नाशिकची एक तरुण इंजिनिअर आहे. तिने सिस्टिममध्ये शोधलं. इतके जुने रिपोर्ट ठेवत नाहीत, सर, म्हणाली. खोटा कागद कधीच नष्ट झाला होता आणि त्यावर आम्ही सगळे एकवीस वर्षं चालत होतो.

पण आमची वर्क इन्स्ट्रक्शन शिल्लक आहे. मशीन कसं उतरवायचं त्याच्या पायऱ्यांचा कागद. अपघातानंतर महिन्याभरात मीच त्यात एक ओळ घातली होती: 'जॅक उतरवताना फक्त शिट्टी. कुणीही, कोणत्याही भाषेत बोलायचं नाही.' त्या ओळीमुळे आजवर एकही बोट गेलेलं नाही. पुढे एक रकाना असतो, बदलाचं कारण. तिथे मी तेव्हा लिहिलं होतं, 'सुधारणा'. मी तिला ते खोडायला सांगितलं आणि नवीन मजकूर सांगितला.

तिने टाइप केलं आणि माझ्याकडे बघितलं. "सर, हे असंच ठेवू? ऑडिटला विचारतील."

"विचारू दे," मी म्हणालो.

आता तिथे आहे: 'इंजिनिअर मध्येच बोलला.'